यंत्राचा ड्रायव्हर विकायचाय? परवाना, कागदपत्रं, खर्च आणि दिवस

शहाद्याच्या डी. एन. पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करत असाल, नंदुरबारच्या शासकीय तंत्रनिकेतनात शिकत असाल, किंवा मिरचीच्या व्यापाऱ्यांसाठी ओलावा मोजणारं छोटं यंत्र बनवून विकायचा विचार करत असाल, तर तुमच्या यंत्रात बहुधा लिनक्सच असणार. त्या लिनक्सला तुमचा सेन्सर ओळखता यावा म्हणून ड्रायव्हर लागतो. तो लिहिताना चार ठिकाणचा कोड एकत्र येतो: थोडा चिप बनवणाऱ्या कंपनीचा, थोडा गिटहबवरचा, थोडा आर्डुइनोच्या लायब्ररीतला आणि उरलेला तुमचा. प्रत्येक तुकड्याचा परवाना, म्हणजे लायसन्स, वेगळा असतो. हे परवाने एकमेकांशी जुळले नाहीत, तर ते यंत्र कायदेशीरपणे विकता येत नाही. बऱ्याच जणांना हे पहिली ऑर्डर हातात आल्यावर कळतं.

आधी पैशाचं. ओपन सोर्स परवान्याला शुल्क नाही, अर्ज नाही, नोंदणी नाही, दरवर्षीचं नूतनीकरण नाही. लिनक्सचा परवाना जीपीएल नावाचा आहे; ‘जीपीएल लायसन्स काढून देतो’ असं सांगून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. परवाना म्हणजे कोडसोबत ठेवलेली मजकुराची फाईल. ती तुम्ही स्वतः ठेवायची. न जुळणारा कोड आत गेला की तो काढून पुन्हा लिहावा लागतो, आणि पैसे जातात ते तिथे.

ड्रायव्हर खरंच लागतो का?

लिहायला बसण्याआधी एक तास शोधात घाला. इलेक्ट्रॉनिक काट्यात सर्रास वापरली जाणारी एचएक्स ७११ चिप आणि तापमान-आर्द्रता मोजणारा डीएचटी ११ सेन्सर, या दोन्हींचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आधीपासून आहेत. यूएसबी-सिरीयल जोडणीच्या स्वस्त सीएच ३४१ जातीच्या चिपचाही आहे. रास्पबेरी पायवर डीएचटी ११ चालू करायला कॉन्फिग फाईलमध्ये एक ओळ पुरते. असं असेल तर लिहिण्याचा खर्च शून्य आणि जुळवाजुळवीची कटकटही नाही. मात्र कर्नलसकट यंत्र विकताना सोर्स कोड देण्याची जबाबदारी राहतेच. ती पुढे सांगतो.

चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नसेल तर दुसरा, मला सगळ्यात आवडणारा रस्ता: कर्नलला हात न लावता बाहेरून, साध्या प्रोग्राममधून चिपशी बोला. यूएसबीसाठी लिबयूएसबी आणि पिनांसाठी लिबजीपीआयओडी या लायब्रऱ्या आहेत. कर्नलच्या परवान्यातच लिहिलं आहे की नेहमीच्या सिस्टिम कॉलमधून कर्नलची सेवा घेणारा प्रोग्राम त्याचा भाग समजला जात नाही. म्हणून तुमच्या प्रोग्रामला तुम्हाला हवा तो परवाना लावता येतो, अगदी बंदिस्तसुद्धा. या दोन्ही लायब्रऱ्या एलजीपीएल परवान्याच्या आहेत, तेव्हा त्या वेगळ्या फाईल म्हणूनच जोडा. तुमच्या प्रोग्राममध्ये कायमच्या मिसळून टाकल्यात तर ग्राहकाला लायब्ररी बदलता यावी म्हणून ऑब्जेक्ट फायलीही द्याव्या लागतात. मिनिटाला एकदा ओलावा मोजणाऱ्या यंत्राला हा रस्ता वेगाच्या दृष्टीनेही पुरतो. अतिवेगवान किंवा वेळेला फार काटेकोर काम असेल तरच कर्नलमध्ये शिरा.

काय जुळतं, काय नाही

लिनक्सचं कर्नल जीपीएलच्या आवृत्ती २ खाली आहे. ही आवृत्ती १९९१ ची. तिसरी आवृत्ती २९ जून २००७ ला आली, पण कर्नल तिच्याकडे गेलं नाही, आणि त्यावर ‘किंवा पुढची कोणतीही आवृत्ती’ असंही लिहिलेलं नाही. फक्त २. ही एक गोष्ट पाठ करा; अर्धी गल्लत इथेच होते.

बिनधास्त घेता येतो तो कोड: एमआयटी, आयएससी, दोन किंवा तीन कलमांचा बीएसडी, एलजीपीएल २.१, जीपीएल २, आणि ‘जीपीएल २ किंवा पुढची’ असं लिहिलेला. मूळ लेखकाचं नाव आणि परवान्याचा मजकूर तसाच ठेवायचा, एवढंच. आर्डुइनोच्या लायब्रऱ्यांमध्ये एलजीपीएल आणि एमआयटी बरेच सापडतात. ते चालतात.

आता न चालणारे. यांची नावं ओळखीची आणि भरवशाची वाटतात, म्हणून इथे हळू वाचा.

अपाची २.० हा चांगला, उदार परवाना आहे, पण जीपीएल २ शी जुळत नाही. ३ शी जुळतो. ईएसपी ३२ साठी एस्प्रेसिफ कंपनी जो ईएसपी-आयडीएफ संच देते तो अपाचीचा, झेफिर ही ऑपरेटिंग सिस्टिमही अपाचीची. तिथला चालता ड्रायव्हर उचलून लिनक्स कर्नलमध्ये टाकलात की फसलात. मूळ लेखकाने दोन्ही परवाने दिले असतील तरच चालेल.

जीपीएल ३ आणि एलजीपीएल ३ कर्नलमध्ये चालत नाहीत. ‘दोन्ही जीपीएलच ना’ असं म्हणून पुढे जाऊ नका.

चार कलमांचा जुना बीएसडी: त्यात जाहिरातीत नाव घेण्याची अट आहे आणि ती जीपीएलला चालत नाही. बर्कली विद्यापीठाने स्वतःच्या कोडवरची ही अट १९९९ मध्ये काढली, इतरांच्या जुन्या कोडवर ती अजून असू शकते. कलमं मोजा.

स्टॅक ओव्हरफ्लोवरचे तुकडे सगळे उचलतात. २०१८ च्या मे महिन्यापासून तिथे टाकलेला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेय द्या, तशाच अटींवर वाटा’ या ४.० परवान्याखाली आहे. तो जीपीएल ३ मध्ये नेता येतो, २ मध्ये नाही. कल्पना समजून घ्या, खिडकी बंद करा, स्वतः लिहा. छंदाच्या संकेतस्थळांवर ‘व्यावसायिक वापर नको’ असा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना दिसला तर तो कोड विक्रीच्या यंत्रात वापरूच नका.

चिप कंपनीचा नमुना कोड फुकट उतरवता येतो म्हणजे मोकळा आहे असं नाही. वरच्या टिप्पणीत बहुतेक वेळा ‘फक्त आमच्या चिपसोबत वापरा’ अशी ओळ असते. वापरावर असं बंधन घालणारा कोड जीपीएलमध्ये जात नाही. त्याऐवजी डेटाशीट घ्या आणि त्यातल्या रजिस्टरांवरून स्वतः लिहा. रजिस्टरचा पत्ता ही माहिती आहे, तिच्यावर कुणाचा कॉपीराइट नसतो. फक्त ती डेटाशीट गोपनीयतेच्या करारावर सही करून मिळवली असेल तर ड्रायव्हर उघडा करण्याआधी तो करार पुन्हा वाचा. डेटाशीटच नसेल आणि यंत्र तुम्ही रीतसर घेतलेलं असेल, तर दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यापुरती आवश्यक, एरवी सहज न मिळणारी माहिती काढण्याची मुभा भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे.

आणि परवान्याची फाईलच नसलेला गिटहबवरचा कोड? त्याचे सगळे हक्क राखीव आहेत. उघड्यावर आहे म्हणून तो मोकळा होत नाही. लेखकाला मेल करा, उत्तर लेखी घ्या, जपून ठेवा. एकाहून जास्त लेखक असतील तर प्रत्येकाची संमती लागते.

पुण्याचा धडा

केक्यू इन्फोटेक या पुण्यातल्या कंपनीने २०१० मध्ये झेडएफएस ही फाईल सिस्टिम लिनक्सच्या कर्नलमध्ये मॉड्यूल म्हणून चालवून दाखवली. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या कामावर त्यांनी पुढचं काम केलं होतं. तांत्रिकदृष्ट्या मोठं काम होतं ते. पण झेडएफएसचा परवाना सन कंपनीचा सीडीडीएल. तोही ओपन सोर्सच, तरी जीपीएलशी न जुळणारा. म्हणून झेडएफएस मूळ कर्नलमध्ये गेलं नाही, वेगळंच वाटावं लागलं. पुढच्या वर्षी स्टेक या अमेरिकी कंपनीने केक्यू विकत घेतली. झेडएफएस आजही मूळ लिनक्सच्या बाहेरच आहे. २०१९ मध्ये लिनक्स ५.० आलं तेव्हा प्रोसेसरच्या गणिती नोंदी हाताळणारी एक सोय जीपीएल नसलेल्या मॉड्यूलना मिळेनाशी झाली, आणि झेडएफएसच्या मंडळींना पर्याय स्वतः लिहावा लागला.

बाहेर राहिलेल्या ड्रायव्हरला हे भाडं कायम भरावं लागतं: कर्नल बदललं की दुरुस्ती, आणि ती तुमच्या खर्चाने. झेडएफएसवाल्यांकडे इंजिनिअर होते. तुमच्या तळोद्यातल्या ग्राहकाचं यंत्र अपडेटनंतर बंद पडलं तर तिथे तुम्हालाच जावं लागेल.

हा शॉर्टकट घेऊ नका

प्रत्येक कर्नल मॉड्यूलमध्ये ‘मॉड्यूल लायसन्स’ अशी एक ओळ असते. तिथे ‘जीपीएल’ लिहिलं तर कर्नलच्या सगळ्या सोयी मिळतात. ‘प्रोप्रायटरी’ लिहिलं तर काही सोयी बंद होतात आणि कर्नलवर ‘टेंटेड’ असा शेरा पडतो, मग अडचणीत मदत मिळणं अवघड जातं. साहजिकच कुणीतरी सुचवतं की कोड बंद ठेव आणि ओळीत जीपीएल लिही. २००४ मध्ये लिनक्सअँट या कॅनडातल्या कंपनीच्या मॉडेम ड्रायव्हरने याच ओळीत जीपीएलनंतर एक शून्य अक्षर घातलं होतं, म्हणजे कर्नल तिथेच वाचायचं थांबे आणि पुढची ‘इतर फायलींना वेगळा परवाना’ ही अट त्याला दिसतच नसे. ते पकडलं गेलं आणि कर्नलच्या मेलिंग लिस्टवर जाहीर चर्चा झाली. ती ओळ म्हणजे तुमचं लेखी विधान आहे. तिथे खोटं लिहू नका.

एखादी जिन्नस बंदिस्त ठेवायचीच असेल, समजा ओलाव्याचं गणित, तर ती वर सांगितल्याप्रमाणे बाहेरच्या प्रोग्राममध्ये ठेवा. कर्नलमधला भाग बारीक आणि उघडा असू द्या. चिपच्या आत चढवायचं फर्मवेअर हा निराळा विषय. बंद फर्मवेअरसाठी लिनक्सचं स्वतंत्र भांडार आहे, पण त्यासाठी चिप कंपनीची ‘पुढे वाटायला हरकत नाही’ अशी लेखी परवानगी लागते.

कागदपत्रं

फायलींची यादी: नाव, कुठून आली, कोणाची, कोणता परवाना. साधं कोष्टक चालेल. प्रत्येक फाईलच्या पहिल्या ओळीत एसपीडीएक्सची परवाना-खूण; कर्नलमध्ये २०१७ पासून हीच पद्धत आहे. सोबत परवान्यांचे पूर्ण मजकूर आणि परवानगीच्या मेलच्या प्रती. तपासणीसाठी रियूज, स्कॅनकोड, फॉसॉलॉजी ही साधनं फुकट आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. पंधरा-वीस फायलींचा ड्रायव्हर असेल तर एका दुपारचं काम.

मग मालकीचा कागद, आणि इथे बहुतेक जण गाफील असतात. तुम्ही नोकरीत असाल आणि हे काम नोकरीचा भाग असेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसताना, कॉपीराइट मालकाचा. त्याचं ना-हरकत पत्र घ्या. विद्यार्थी असाल तर महाविद्यालयाशी बौद्धिक संपदेचा काही करार केला आहे का ते पाहा आणि मार्गदर्शकांकडून दोन ओळी लिहून घ्या. उलट, नाशिकच्या एखाद्या फ्रीलान्सरला पैसे देऊन ड्रायव्हर लिहून घेतलात तर पैसे दिले म्हणून कोड तुमचा होत नाही. तो नोकर नाही, स्वतंत्र आहे. कॉपीराइट त्याचाच राहतो. हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर कलम १९ प्रमाणे ती फक्त ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दोन्ही स्पष्ट लिहा. साध्या करारनाम्याला महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो.

कॉपीराइटची नोंदणी करायची का? ड्रायव्हरपुरतं माझं उत्तर: नाही. कोड लिहिला त्या क्षणी हक्क तयार होतो, आणि तो लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो. तरी हवीच असेल तर अर्ज ऑनलाइन, नमुना १४. शुल्क साधारण साहित्यकृतीला ५०० रुपये, मालाशी संबंधित वापराची असेल तर २,०००. सॉफ्टवेअरसाठी सोर्स कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं द्यावी लागतात, त्यात काही झाकता येत नाही. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं आणि प्रमाणपत्राला पुढे महिने लागतात. एजंटची फी यावर वेगळी, आणि तुमचा कोड उघडाच असेल तर ती वायाच जाते.

विकताना

यंत्रात जीपीएलचा कोड असेल तर ग्राहकाला सोर्स द्यावा लागतो. यंत्रासोबत पेनड्राइव्हवर द्या, किंवा किमान ३ वर्षं मागेल त्याला देऊ असं लेखी पत्र खोक्यात घाला. पत्राचा पर्याय घेतलात तर फक्त नकलेचा आणि टपालाचा प्रत्यक्ष खर्च घेता येतो, नफा नाही. सोर्समध्ये तुमच्या फायलींसोबत कर्नलची तीच आवृत्ती आणि ती बांधायच्या स्क्रिप्टही हव्यात. माझा सल्ला पेनड्राइव्हचा. तीन वर्षांनी तो जुना संगणक कुठे असेल याची खात्री कोण देणार?

सोर्स दिला नाही तर जीपीएल २ चा हक्क आपोआप संपतो. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने सायटकॉम या राऊटर कंपनीला याच कारणासाठी मनाई केली. कर्नलच्या अनेक लेखकांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर केलं की पहिलीच चूक असेल आणि नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर हक्क परत मिळेल. तेव्हा नोटीस आली तर घाबरू नका आणि गप्पही बसू नका, लगेच सोर्स द्या. भारतात जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. कोणी तुमचा कोड अटी मोडून विकत असेल, तर कलम ६२ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नंदुरबारच्याच जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. मुंबईच्या फेऱ्यांची गरज नाही.

परवान्याशी संबंध नसलेले पण ड्रायव्हरच्या पाठोपाठ येणारे खर्च आताच लिहून ठेवा. यूएसबी यंत्राला स्वतःचा विक्रेता क्रमांक लागतो. यूएसबी संघटनेकडून घेतला तर काही हजार डॉलर. तुमचं हार्डवेअर किंवा फर्मवेअर ओपन सोर्स असेल तर ‘पीआयडी कोड्स’ या उपक्रमातून १२०९ या विक्रेता क्रमांकाखाली उत्पादन क्रमांक फुकट मिळतो. उघडा परवाना निवडल्याचा हा रोख फायदा. विंडोजसाठीही कर्नल ड्रायव्हर हवा असेल तर मायक्रोसॉफ्टची सही आणि त्यासाठी महागडं ईव्ही प्रमाणपत्र लागतं. शक्य असेल तर यूएसबीचा प्रमाणित वर्ग वापरून ते टाळा. यंत्र व्यापारात वजन करणार असेल तर वैधमापनशास्त्र विभागाची मॉडेल मंजुरी आणि काट्यावरचा शिक्का लागतोच, कोड कितीही मोकळा असो. शासकीय निविदेत ‘संपूर्ण सोर्स कोडची मालकी विभागाकडे’ अशी अट दिसली तर सही करण्याआधी पत्र लिहा: जीपीएलचा कोड तुमचा नाही, त्याची मालकी तुम्ही देऊ शकत नाही, फक्त परवाना पुढे जातो. सोबत केंद्र सरकारच्या २०१५ च्या ओपन सोर्स धोरणाचा उल्लेख करा.

शहादा तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार दिलं गेलं, त्यामुळे अंगठ्याच्या मशीनसाठी लिनक्स ड्रायव्हर लिहायचा मोह इथल्या मुलांना होणं स्वाभाविक आहे. प्रकल्प म्हणून जरूर लिहा. आधारच्या पडताळणीला तो चालणार नाही; तिथे प्रमाणित यंत्र आणि उत्पादकाचीच नोंदणीकृत सेवा लागते.

मूळ कर्नलमध्ये पाठवायचा असेल तर

फी नाही. दर ९-१० आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि नवा कोड त्यातल्या सुरुवातीच्या दोन आठवड्यांतच घेतात. दुरुस्त्यांच्या फेऱ्या धरून पहिल्या ड्रायव्हरला दोन-तीन आवृत्त्या, म्हणजे चार ते सात महिने मोजा. पॅच साध्या मजकुराच्या मेलने जातो. खाली तुमच्या नावाने ‘साइन्ड ऑफ बाय’ ही ओळ लागते. २००४ पासूनची ही पद्धत. हा कोड द्यायचा मला हक्क आहे, असं तुम्ही त्या ओळीने सांगता. मालकीचा कागद आधी करायला सांगितला तो यासाठीच. धडगाव-अक्कलकुव्याकडे नेट कमी असेल तर कर्नलचा अख्खा इतिहास उतरवू नका, तो काही जीबींचा आहे. फक्त ताजी प्रत घेतलीत तर काही शे एमबींत काम होतं.

अडलात तर दिल्लीतली एसएफएलसी डॉट इन ही संस्था ओपन सोर्सच्या कायद्यावर काम करते, आणि अमेरिकेतल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला परवान्याविषयी मेलवर विचारता येतं. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा ‘प्लग’ हा जुना गट आहे. कुठेही विचारताना तीन गोष्टी पहिल्याच मेलमध्ये द्या: फायलींचं ते कोष्टक, कोड कर्नलच्या आत आहे की बाहेर, आणि यंत्र विकणार आहात की फक्त कॉलेजात दाखवणार आहात.